पेन ज्याचं त्याच्या हातात: वर्गासाठी लेखनमित्र कसे तयार करायचे

नव्या शैक्षणिक धोरणानंतर कॉलेजात लिहिण्याचं काम एकदम वाढलं. बहुतेक विद्यापीठांच्या आराखड्यात एसवायला फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंट आहे, टीवायला ऑन जॉब ट्रेनिंग आहे, चौथं वर्ष संशोधनासह घेणाऱ्याला संशोधन प्रकल्प आहे, आणि प्रत्येकाच्या शेवटी अहवाल आहेच. बारावीपर्यंत मुलांना लिहायला शिकवलेलं असतं ते फक्त प्रश्नाचं उत्तर: पाच गुणांना दीड पान. वीस पानांचा अहवाल लिहायचा, त्यातला प्रश्नही आपणच शोधायचा, हे कुठल्याच तासाला येत नाही. मग काय होतं ते सगळ्यांना पाठ आहे. सबमिशनच्या आदल्या रात्री गेल्या वर्षीच्या दादाची फाइल व्हॉट्सअॅपवर मागवायची, नाव आणि रोल नंबर बदलायचा, गावाचं नाव बदलायचं (ते एकदोन ठिकाणी बदलायचं राहतंच), स्पायरल बाइंडिंग करायचं आणि सकाळी टेबलावर ठेवायचं.

यात शिक्षकाला दोष देऊन भागत नाही. ८० मुलांचा वर्ग धरा. प्रत्येकाच्या कच्च्या मसुद्यावर फक्त १० मिनिटं घालवली तरी ८०० मिनिटं होतात, म्हणजे १३ तासांहून जास्त. थिअरीच्या एका क्रेडिटला मुळात १५ तास असतात. वेळापत्रकात नसलेलं जवळजवळ अख्खं क्रेडिट शिक्षकानं कुठून आणायचं?

ते काम थोडंफार उचलू शकतील अशी माणसं कॉलेजातच आहेत. गेल्या वर्षी हाच अहवाल लिहून बसलेली टीवायची मुलं. त्यांनी एसवायच्या मुलांचे मसुदे शिक्षकाच्या आधी वाचायचे, समोर बसून प्रश्न विचारायचे, आणि पुढचं लिखाण ज्याचं त्यानं करायचं. या मुलांना मी लेखनमित्र म्हणतो. पुढे जे लिहिलंय ते एका वर्गापुरतं, एका सत्रापुरतं, पदरचा फारसा खर्च न करता हे कसं बसवायचं याबद्दल आहे. ते लिहिलंय मुख्यतः शिक्षकांसाठी, पण लेखनमित्र होऊ पाहणाऱ्या मुलांनीही वाचायला हरकत नाही.

ही पद्धत कुठून आली

थोडक्यात सांगतो, कारण त्यात आपल्या कामाची एक गोष्ट आहे. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीनं शहरातल्या शाळांतून पास होणाऱ्या प्रत्येकाला प्रवेश देण्याचं धोरण घेतलं. ज्यांच्या घरात कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं अशी हजारो मुलं आली. त्याच विद्यापीठाच्या ब्रुकलिन कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या केनेथ ब्रफी यांनी पुढे १९८४ च्या एका लेखात लिहिलं की प्राध्यापकांनी देऊ केलेली मदत ही मुलं घेतच नव्हती, कारण ती मदतही वर्गासारखीच वाटायची. बरोबरीच्या मुलानं तीच मदत दिली तर घेत होती. आपल्याकडे ‘सरांना विचार’ म्हटल्यावर मान डोलावून निघून जाणारी मुलं आठवा.

दुसरी गोष्ट प्रॉव्हिडन्सच्या ब्राउन विद्यापीठातली. तिथे १९८२ मध्ये टोरी हॅरिंग-स्मिथ यांनी लेखनमित्र थेट वर्गाला जोडले. त्यातली खुबी अशी की मदत ‘कच्च्या’ मुलांपुरती ठेवली नाही. वर्गातल्या प्रत्येकानं मसुदा द्यायचा, अगदी पहिल्या नंबरच्या मुलानंसुद्धा. मित्रानं लेखी शेरा द्यायचा, मग भेटायचं, मग मसुदा सुधारायचा. यामुळे मदत घ्यायला जाणं ही लाजेची बाब राहत नाही. आपल्याकडे ‘रेमेडिअल’ वर्गाच्या बाहेर रेंगाळणारी, आत जाताना कुणी पाहतंय का बघणारी मुलं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको. आपल्या देशातही लेखनकेंद्रं आहेत, सोनिपतच्या अशोका विद्यापीठात आहे. पण ती बहुतेक निवासी, इंग्रजी माध्यमाच्या, पैसेवाल्या संस्थांत. तालुक्याच्या कॉलेजला केंद्र परवडत नाही. वर्गाला जोडलेले दहाबारा मित्र परवडतात.

पहिलं काम: तारखा दोन

मित्र निवडण्याआधी शिक्षकानं वेळापत्रक बदलायचं. हे झालं नाही तर पुढचं काहीही करू नका, खरंच करू नका.

एका सबमिशनच्या जागी दोन तारखा जाहीर करा: एक मसुद्याची, एक अंतिम. दोन्हींमध्ये किमान तीन आठवडे हवेत. पहिला आठवडा मित्राच्या वाचनाचा, दुसरा भेटीचा, तिसरा पुन्हा लिहिण्याचा. १५ आठवड्यांचं सत्र धरलं तर मसुदा नवव्या आठवड्यात आणि अंतिम अहवाल तेराव्यात, असं साधारण बसतं. दिवाळीची सुटी दोन तारखांच्या मधोमध येणार नाही हे बघा. सुटीत मित्र एका गावी आणि मसुदा दुसऱ्या गावी जातो.

मसुद्याला गुण नकोत, पण मसुदा न देणाऱ्याचा अंतिम अहवाल घेतला जाणार नाही हे पहिल्याच तासाला सांगायचं आणि पाळायचं. मसुदा म्हणजे काय हेही सांगावं लागतं. मुलांना वाटतं, मसुदा म्हणजे मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, ऋणनिर्देश आणि अनुक्रमणिका. ते काहीच नको. वहीच्या कागदावर हातानं लिहिलेली सहासात पानं चालतील, पण त्यात तीन गोष्टी हव्यात: आम्ही काय शोधायला गेलो, कुणाला भेटलो आणि काय दिसलं, त्यावरून आम्हाला काय वाटतं.

एक वर्ग, एक अहवाल, एक शिक्षक. पहिल्या वर्षी याहून मोठं काही नको. प्राचार्यांना योजना आवडली की ‘सगळ्या विभागांत सुरू करू या’ अशी सूचना येते. नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फाइलला एक पान वाढतं आणि योजना तिथेच संपते. नम्रपणे पुढच्या वर्षावर ढकला.

मित्र कसे निवडायचे

टॉपर घेऊ नका, असं मी म्हणत नाही. पण टॉपर म्हणून घेऊ नका. चांगलं लिहिणाऱ्या मुलाला अनेकदा आपण कसं लिहितो हे सांगता येत नाही, आणि समोरच्याचं वाक्य अडखळलं की त्याचा हात पेनाकडे जातो. गेल्या वर्षी अहवाल लिहिताना ज्यानं धडपड केली, दोनदा खोडलं, शिक्षकांशी वाद घातला, तो बहुधा बरा मित्र होतो.

निवड परीक्षेनं करू नका. गेल्या वर्षीच्या एका अहवालाची दोन पानं घ्या, नाव-गाव झाका, त्या मुलाची परवानगी घ्या आणि इच्छुकांना द्या. सांगा: हे लिहिणारा तुमच्यासमोर बसलाय, त्याला तुम्ही काय विचाराल ते लिहा. जो पानभर शुद्धलेखनाच्या चुका काढून आणतो त्याला प्रशिक्षणाची गरज जास्त. ‘तुम्ही किती घरांत गेलात?’, ‘पान २ वरचा आकडा कुणी सांगितला?’ असं विचारणारा निम्मा तयार आहे.

एका मित्राकडे सहा ते आठ मुलं, त्यापुढे नाही. मसुदा वाचून शेरा लिहायला अर्धा तास आणि भेटीला वीस-पंचवीस मिनिटं धरली तर आठ मुलांचे सातेक तास होतात. टीवायच्या मुलाच्या स्वतःच्या इंटर्नल असतात हे विसरू नका. ८० च्या वर्गाला दहाबारा मित्र लागतील. फील्ड प्रोजेक्ट गटानं होत असेल तर कमी.

मोबदल्याचा प्रश्न टाळू नका. फुकट काम करून घेणं आणि वर ‘अनुभव मिळतो’ म्हणणं बरं नाही. पुणे विद्यापीठासह अनेक ठिकाणी कमवा व शिका योजना चालते. तिच्यातली मुलं ग्रंथालयात, ऑफिसात, बागेत काम करतात. लेखनमित्राचे तास त्यात बसतात का, हे योजनेच्या समन्वयकांना आधीच विचारा. ते जमत नसेल तर सहशालेय क्रेडिटमध्ये बसवता येतं का बघा. किमान प्रमाणपत्रावर किती तास, कोणतं काम हे स्पष्ट लिहा. ‘सक्रिय सहभागाबद्दल’ एवढं लिहिलेलं प्रमाणपत्र पुढे कुठेच उपयोगी पडत नाही.

मसुदे वाटताना हजेरीपटाचा क्रम धरा, कुणाला कोण हवंय ते विचारू नका. विचारलंत की गावं, आडनावं आणि होस्टेलच्या खोल्या एकत्र येतात. त्यात भरडली जातात ती कुणाच्याच गटात नसलेली मुलं. फक्त एक अपवाद ठेवा: कुणी कारण न सांगताही मित्र बदलून मागितला तर बदलून द्या.

दोन दुपारचं प्रशिक्षण

पहिली दुपार वाचायला शिकण्याची. मित्रांना दोघादोघांत बसवा, एकमेकांचं जुनं लिखाण द्या. नियम एकच: हातात पेन नाही. लिहिणाऱ्यानं मोठ्यानं वाचायचं, ऐकणाऱ्यानं शेवटी एवढंच सांगायचं की ‘मला कळलं ते असं.’ अर्ध्याअधिक वेळा लिहिणारा म्हणतो, ‘नाही नाही, मला तसं म्हणायचं नव्हतं.’ तिथेच शिकणं सुरू झालं. लेखनाची अडचण कुठे आहे हे त्याला स्वतःला सापडलं, कुणी दाखवावं लागलं नाही.

दुसरी दुपार शेरे लिहिण्याची. शाळेपासून मुलांनी पाहिलेले शेरे म्हणजे ‘छान’, ‘सुधारणा हवी’, ‘अक्षर सुधार’ आणि बरोबरची लाल खूण. मित्रही तेच लिहितात. ‘प्रस्तावना नीट लिही’ या शेऱ्यानं कुणाचीच प्रस्तावना नीट झालेली नाही, कारण नीट म्हणजे काय हे कळत असतं तर त्यानं आधीच लिहिलं असतं. याउलट हे बघा: ‘पहिलं पान संपलं तरी तुम्ही बाजारात काय शोधायला गेलात ते मला कळलं नाही. पान ५ वर पावतीबद्दल एक वाक्य आहे. तोच तुमचा मुद्दा आहे का?’ यात हुकूम नाही, वाचणाऱ्याला काय झालं ते आहे, पान क्रमांक आहे आणि शेवटी खरा प्रश्न आहे. उत्तर ‘नाही’ असंही येऊ शकतं.

एका मसुद्यावर तीनच मुद्दे, असं बंधन घाला. सतरा मुद्दे दिले की मुलगा सोपे पंधरा करतो आणि अवघड दोन सोडतो. शेरे समासात नकोत, वेगळ्या कागदावर पत्रासारखे हवेत, सुरुवातीला नाव लिहून. मसुद्याच्या पानावर मित्राची एकही खूण नको. कोरं पान परत मिळालं की मुलगा ते आपलं मानतो. रंगवलेलं पान मिळालं की फक्त दुरुस्त्या उतरवून काढतो.

कशाकडे आधी बघायचं हेही ठरवून द्या. आधी म्हणणं आणि पुरावा, मग मांडणीचा क्रम, मग वाक्यं, सगळ्यात शेवटी ऱ्हस्व-दीर्घ. जो परिच्छेद उडणारच आहे त्यातल्या वेलांट्या सुधारण्यात काय हशील? पण मित्रांना मोह होतो तो नेमका वेलांट्यांचाच, कारण तिथे चूक-बरोबर लगेच ठरतं आणि आपण काहीतरी केलं असं वाटतं.

प्रत्यक्ष बैठक

एक बैठक जवळून बघू. मसुदा आठवडे बाजारावरचा आहे. सुरुवातीचा परिच्छेद असा:

‘आपला भारत देश हा कृषिप्रधान देश आहे. प्राचीन काळापासून आठवडे बाजाराला अनन्यसाधारण महत्त्व आहे. आठवडे बाजारामुळे ग्रामीण अर्थव्यवस्थेला चालना मिळते. आम्ही बाजाराला भेट दिली असता तेथे विविध प्रकारचे विक्रेते आढळून आले. विक्रेत्यांना अनेक समस्यांना तोंड द्यावे लागते. तरी शासनाने याकडे लक्ष द्यावे.’

यात व्याकरणाची एकही चूक नाही. शुद्धलेखन तपासणाऱ्या मित्राला इथे करण्यासारखं काही उरत नाही. टीवायची ताई मुलीला तो परिच्छेद मोठ्यानं वाचायला लावते आणि विचारते, ‘यातलं कुठलं वाक्य तू बाजारात न जाता लिहू शकली असतीस?’

मुलगी कागदाकडे बघत राहते. ‘पहिली तीन.’ मग थोड्या वेळानं, ‘चौथं पण. ताई, सगळीच.’

‘बाजारात पहिल्यांदा कोणाशी बोललीस?’

‘कोथिंबीरवाल्या मावशी होत्या. त्या म्हणाल्या, जागेची पावती सकाळीच फाडतात, माल खपायच्या आधी. त्या दिवशी दुपारी पाऊस आला. निम्म्या जुड्या तशाच राहिल्या, पण पावतीचे पैसे तर गेलेच.’

‘हे मसुद्यात कुठंय?’

‘वहीत आहे. असलं लिहायचं असतं का पण?’

या प्रश्नासाठी सगळा खटाटोप. मुलीकडे मजकूर होता, तो अहवालात घालण्याच्या लायकीचा आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ताईनं उत्तर न देता पुढचं विचारलं: ‘पावती सगळ्यांना सारखीच असते? कांदेवाल्याला पण?’ मुलगी म्हणाली, सारखीच, जागेप्रमाणे. मग स्वतःच थांबली. कांदा राहिला तर पुढच्या बाजाराला नेता येतो, कोथिंबीर संध्याकाळपर्यंत सुकते. म्हणजे तीच पावती एकाला जड जाते आणि दुसऱ्याला नाही.

आता अहवालाला म्हणणं मिळालं. ते तपासायला कांदेवाल्यांशी, बटाटेवाल्यांशी बोलायला हवं, आणि त्यासाठी पुढच्या बाजाराची वाट बघायला हवी. दोन तारखांमध्ये तीन आठवडे का ठेवायचे याचं कारण इथे आहे. तीन दिवस ठेवलेत तर ती फक्त वाक्यं बदलेल. तीन आठवडे ठेवलेत तर ती पुन्हा बाजारात जाईल.

ताईनं काय केलं नाही तेही बघा. परिच्छेद नव्यानं लिहून दिला नाही, ‘कृषिप्रधान काढून टाक’ म्हणाली नाही, आणि जड पावतीचा मुद्दा तिच्या आधी लक्षात आला असला तरी बोलली नाही. उठण्याआधी तिनं मुलीला तिच्याच वहीत तीन ओळी लिहायला लावल्या: घरी गेल्यावर मी काय करणार. त्या ओळी मुलीच्या अक्षरात हव्यात. मित्रानं लिहून दिलेली यादी बॅगेत राहते.

बसायचं कुठे, कधी

हा भाग छोटा वाटतो, पण योजना इथेच फसतात. तालुक्याच्या कॉलेजात निम्मी मुलं एसटीनं येतात. साडेचार-पाचची गाडी चुकली तर पुढची कधी हे त्यांना विचारा. त्यामुळे ‘कॉलेज सुटल्यावर भेटा’ हे त्यांच्यासाठी नसतं. भेटी ऑफ तासाला, दोन लेक्चरच्या मधल्या वेळेत ठेवा आणि वेळांचा तक्ता नोटीस बोर्डवर लावा. जागा उघडी हवी: ग्रंथालयाचा कोपरा, रिकामा वर्ग दार उघडं ठेवून. होस्टेलच्या खोलीत, कॅन्टीनमध्ये, कुणाच्या घरी नाही. खाजगी नंबर देण्याची सक्ती नको. रात्री अकराला ‘दादा, जरा बघा ना’ म्हणून आलेल्या फोटोला उत्तर देणं मित्राचं काम नाही, हे दोघांनाही आधी सांगून ठेवा.

‘दादा, तुम्हीच लिहून द्या ना’

हे वाक्य पहिल्याच आठवड्यात येतं. त्यात आळस असतोच असं नाही. पुष्कळदा भीती असते. मित्रानं ‘नियमात बसत नाही’ म्हणून झटकू नये. म्हणावं, ‘तू बोल, मी ऐकतो. तू जे बोलशील ते तूच लिही.’ मूल बोलतं तेव्हा वाक्यं सरळ येतात, आणि कागदावर उतरवताना त्याला कळतं की ‘आढळून आले असता’ची काही गरज नव्हती. अगदीच अडलं तर मित्रानं त्याचं बोलणं दोन ओळी जसंच्या तसं लिहून घ्यावं, पण शब्द त्याचेच.

चोरलेल्या मजकुराचं काय? मित्र पोलीस नाही आणि गुपित राखणारा साथीदारही नाही. दोन परिच्छेद घरच्या मराठीत आणि तिसरा अचानक संपादकीयासारखा, हे कुणालाही दिसतं. विचारायचं एवढंच: ‘हे कुठून घेतलंस? तिथे लिहू या का नाव?’ पुष्कळ मुलांना स्रोत दिला की उतारा चालतो हेच माहीत नसतं. साहित्यचोरीबद्दल यूजीसीचे २०१८ चे नियम आहेत. त्यात १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि श्रेय देऊन घेतलेली अवतरणं मोजणीतून वगळली आहेत. ते दंड प्रबंध आणि शोधनिबंधांना डोळ्यापुढे ठेवून आहेत, पण टक्केवारीची दहशत एसवायपर्यंत पोचलीय. त्यातून मुलं शब्द इकडचे तिकडे करून टक्के कमी करण्याची विद्या शिकतात. मित्रानं त्या विद्येत मदत करायची नाही, हे स्पष्ट हवं.

चॅटजीपीटीचा मजकूर ओळखायच्या नादी मित्रानं लागू नये. तपासणी सॉफ्टवेअरवर विसंबून मुलावर आरोप करणं तर अजिबात नको, मराठीसाठी तर नकोच. त्याहून साधा उपाय आहे. ‘या परिच्छेदामागचं वहीतलं पान दाखव.’ फील्ड प्रोजेक्टमागे वही असते. पान असेल तर बोलणं पुढे जातं. नसेल तर मुलाला स्वतःच कळतं की पुन्हा जायला हवं. म्हणून वही सक्तीची करा, आणि ती मसुद्यासोबत मित्रासमोर यायला हवी.

भाषेची बाजू

वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, कोल्हापुरी बोलत आलेलं मूल लिहिताना बावरतं. ‘मला पुस्तक भेटलं’ यावर मित्र हसला की ते मूल पुढच्या भेटीला येत नाही. दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला मित्रांना शिकवा. मुलाखतीतलं बोलणं ज्या बोलीत झालं त्याच बोलीत अवतरणात ठेवायचं, ते ‘शुद्ध’ करायचं नाही. तो पुरावा आहे. अहवालाचं स्वतःचं निवेदन प्रमाण मराठीत, पण पुस्तकी अवघड मराठीत नाही.

शुद्धलेखनासाठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ आणि १९७२ ची भर धरून १८ नियम आहेत. ते सगळे पाठ करवणं मित्राचं काम नाही. प्रत्येक मुलाच्या मसुद्यात वारंवार येणाऱ्या फक्त दोन चुका निवडायच्या. बहुतेकांच्या ठरलेल्या असतात: ‘विद्यार्थ्यानी’वरचा गाळलेला अनुस्वार, ‘आणी’ (हवं ‘आणि’), ‘व्यक्ति’, ‘वस्तु’ (शेवटचं अक्षर दीर्घ हवं). मित्रानं एक ठिकाण दाखवायचं आणि म्हणायचं, अशा आणखी चारपाच जागा आहेत, शोध. मुलं शोधतात, आणि शोधलेली चूक पुन्हा फारशी करत नाहीत.

बीएस्सी, बीकॉमला अहवाल इंग्रजीत लागतो तेव्हा मराठी माध्यमाच्या मुलाची वेगळीच कोंडी होते. विचार करायचा आणि भाषा सांभाळायची, दोन्ही एकदम जमत नाही, म्हणून तो नेटवरची वाक्यं उचलतो. त्याची पहिली बैठक पूर्ण मराठीत घ्या. प्रयोग काय केला, काय यायला हवं होतं, काय आलं. त्याचा मुद्दाम मराठीतच कच्चा खर्डा करू द्या आणि इंग्रजी दुसऱ्या बैठकीत काढा. विभागाला हेही विचारा की अहवाल मराठीत चालेल का. २०२३ मध्ये यूजीसीनं विद्यापीठांना कळवलं होतं की शिकवण्याचं माध्यम इंग्रजी असलं तरी विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेत परीक्षा लिहू द्यावी. परीक्षेला चालतं तर अहवालाला का नाही, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

शिक्षकानं काय करायचं, काय नाही

मित्र गुण देत नाही. शिक्षकानं मित्राला ‘तो मुलगा कसा आहे?’ असं विचारायचंही नाही. एकदा विचारलं की मित्र हेर होतो आणि बातमी आठवड्यात वर्गभर होते. शिक्षकाला माहिती हवी ती कागदातून मिळते. अंतिम अहवालासोबत तीन गोष्टी जोडून घ्या: मूळ मसुदा, मित्राचं पत्र, आणि मुलानं स्वतः लिहिलेलं अर्धं पान: मला काय विचारलं गेलं, मी काय बदललं, काय बदललं नाही आणि का. शेवटचा ‘का’ महत्त्वाचा. मित्राचं न ऐकण्याचा हक्क मुलाला आहे आणि कारण पटण्याजोगं असेल तर त्याचे गुण कापायचे नाहीत. त्या अर्ध्या पानाला मात्र थोडे गुण जरूर ठेवा. गुण नसलेलं पान आपल्याकडे कुणी लिहीत नाही.

मित्राचा सल्ला चुकला तर? चुकेल. तो टीवायचा मुलगा आहे. म्हणून विषयाची शंका आली की ‘हे मॅडमना विचार’ म्हणणं हाच बरोबर सल्ला, हे प्रशिक्षणातच बिंबवायचं. वाचनाच्या आणि भेटींच्या पंधरवड्यात शिक्षकानं आठवड्यातून एकदा सगळ्या मित्रांना अर्धा तास भेटावं. तिथे मुलांची नावं न घेता अडचणी मांडायच्या. बहुतेक वेळा एकच अडचण आठजणांना आलेली असते. निम्म्या मसुद्यांत ‘निष्कर्ष’ आणि ‘शिफारशी’ एकच असतात, हे मित्रांकडून कळलं की पुढचा तास त्यावर घ्यायचा. शिक्षकाला या योजनेतून मिळणारी सगळ्यात उपयोगी गोष्ट मला हीच वाटते.

मुलं भेटीला येणार नाहीत, हा सगळ्यात नेहमीचा त्रास. पहिल्यांदा न आल्यास मित्रानं एकदा निरोप द्यावा. दुसऱ्यांदा न आल्यास शिक्षकाला कळवावं, एवढंच. मित्रानं मागे लागू नये. हात हलवत, मसुद्याशिवाय आलेल्या मुलाला परत पाठवू नका. त्याच वीस मिनिटांत त्याला बोलतं करा आणि पहिलं पान तिथेच लिहून घ्या.

जमलं का ते कसं कळणार

अभिप्राय फॉर्मवर ‘अत्यंत समाधानी’ला टिक करणं मुलांच्या अंगवळणी पडलंय, त्यातून काही कळत नाही. त्याऐवजी हजेरीपटावरून दर आठवा रोल नंबर घ्या आणि त्या दहाएक मुलांचा मसुदा आणि अंतिम अहवाल शेजारी ठेवून वाचा. नुसते शब्द बदलले आहेत की नवा परिच्छेद आला, नवी माणसं भेटली, एखादा दावा मागे घेतला? नुसते शब्दच बदलले असतील तर मित्रांचे शेरे वाचा. ते बहुधा वेलांट्यांवर घसरलेले असतील. शेरे चांगले असूनही बदल नसेल तर तारखांकडे बघा.

टीवायची मुलं मार्च-एप्रिलमध्ये जातात. त्यांची जागा घेणारे मित्र त्याच वर्षीच्या एसवायमधून, फेब्रुवारीतच निवडा. ज्यांनी आत्ताच मदत घेतलीय त्यांना काय उपयोगी पडलं ते ताजं आठवत असतं. निवडलेल्यांना जुन्या मित्रांच्या दोन बैठकींना गप्प बसून ऐकायला लावा, त्यासाठी समोरच्या मुलाची हरकत नाही ना हे विचारून. जुन्या मित्रांची पत्रं नावं काढून एका फाइलमध्ये ग्रंथालयात ठेवा. जूनमध्ये नव्या मित्रांचं पहिल्या दुपारचं वाचन त्या फाइलपासून सुरू करता येतं.